पास एकाचा, झेल दुसऱ्याचा: क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरचे आकडे नीट कसे वाचावेत

अमेरिकन फुटबॉलच्या २००८ च्या हंगामात अ‍ॅरिझोना कार्डिनल्सच्या लॅरी फिट्झजेराल्ड या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, दिशेने जवळपास १५५ पास फेकले गेले. त्यातले ९६ त्याने झेलले, १,४३१ यार्ड काढले, १२ टचडाउन (चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार जाणं) केले. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच संघात त्याच्याकडे पुन्हा जवळपास तेवढेच पास आले. झेल ७१, यार्ड ७९८, टचडाउन ४. नुसता तक्ता बघणारा म्हणेल, गडी उतरणीला लागला. तेव्हा त्याचं वय होतं २९.

आता पास फेकणारे कोण होते ते बघा. २००८ मध्ये कर्ट वॉर्नर. २०१२ मध्ये केव्हिन कोल्ब, जॉन स्केल्टन, रायन लिंडली आणि ब्रायन हॉयर, असे चौघे आलटून पालटून. लिंडलीने त्या हंगामात १७१ पास फेकले. टचडाउन एकही नाही, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) सात. पुढे कार्सन पामरसारखा मुरलेला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मिळाला आणि २०१५ मध्ये, ३२ व्या वर्षी, फिट्झजेराल्डने १०९ झेल आणि १,२१५ यार्ड अशी कमाई केली. म्हणजे २०१२ मध्ये त्याचे हात गेले नव्हते, पाय गेले नव्हते. त्याच्याकडे येणारा चेंडूच धड येत नव्हता.

शिक्षण-नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली मराठी मंडळी रविवारी दुपारी एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघू लागतात, ऑफिसातल्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणाऱ्या खेळात) ओढली जातात, आणि पहिल्याच महिन्यात ‘हा भारी, तो भंगार’ असे निकाल देऊ लागतात. भारतात राहून रात्री जागून सामने बघणारेही तेच करतात. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. मला एकच गोष्ट पोचवायची आहे: पासाचा कुठलाही आकडा निदान दोघांचा मिळून असतो. त्यात कुणाचा वाटा किती हे कळायला, दोघांपैकी एक जण बदलला तेव्हा काय झालं ते शोधावं लागतं. तिथपर्यंत कसं जायचं ते पायरीपायरीने बघू.

१. कोणता आकडा कुणाच्या नावावर चढतो ते आधी बघा

खेळाचे नियम थोडक्यात: चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक पास फेकतो, रिसीव्हर झेलतो, पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन समोरच्यांना क्वार्टरबॅकपासून दूर ठेवते. एवढं पुरे.

एक खेळी जवळून बघा. १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, ४३ वी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. कार्डिनल्स पिट्सबर्ग स्टीलर्सच्या मागे आहेत, सामना संपायला तीन मिनिटंही उरलेली नाहीत. वॉर्नर मैदानाच्या मध्यावर एक आखूड पास टाकतो. फिट्झजेराल्ड तिरका आत येत तो झेलतो, दोन सेफ्टींच्या (सगळ्यात मागे उभ्या बचावपटूंच्या) मधल्या फटीतून निसटतो आणि धावत सुटतो. धावता धावता स्टेडियमच्या मोठ्या पडद्याकडे नजर टाकून मागे कोण येतंय ते बघतो. टचडाउन, ६४ यार्ड.

वहीत काय लिहिलं गेलं? वॉर्नर: पासाचे ६४ यार्ड आणि एक टचडाउन. फिट्झजेराल्ड: रिसीव्हिंगचे ६४ यार्ड आणि एक टचडाउन. चेंडू हवेतून गेला त्यातलं थोडंसं अंतर, बाकी सगळी फिट्झजेराल्डची धाव. तरी क्वार्टरबॅकच्या नावावर पूर्ण ६४ लागतात. झेलल्यानंतरच्या या धावेला ‘यार्ड्स आफ्टर कॅच’ म्हणतात, आणि ती वेगळी नोंदलेली सापडते. ज्याच्या पासाच्या यार्डांत हा भाग फार मोठा आहे, त्याचे रिसीव्हर आणि त्याच्या प्रशिक्षकाची आखणी यांच्याकडे आधी बघावं. (सुपर बोल आणि प्लेऑफचे आकडे वेगळ्या तक्त्यात जातात. वरच्या १,४३१ यार्डांत हे ६४ नाहीत. तुलना करताना दोन्ही तक्ते मिसळू नका.)

हिशेबाचे आणखी काही नियम आहेत, आणि नवख्या माणसाची फसगत बहुतेक इथेच होते. रिसीव्हरच्या हातातून चेंडू निसटला तर क्वार्टरबॅकच्या नावावर अपुरा पास लागतो. तोच चेंडू हाताला लागून वर उडाला आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला, तर इंटरसेप्शन क्वार्टरबॅकचं. स्लिपमध्ये झेल सुटला की गोलंदाजाच्या पृथक्करणात त्याचा मागमूस राहत नाही, तसंच हे. घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला, तरी तो अपुरा पास. दबाव आल्यावर शहाणपणाने मैदानाबाहेर भिरकावला, तरी अपुरा पास.

उलट, बचावपटूने रिसीव्हरला नियमबाह्य अडवलं आणि पंचांनी ४० यार्डांची पेनल्टी दिली, तर संघ ४० यार्ड पुढे जातो, पण ते यार्ड ना क्वार्टरबॅकला मिळतात ना रिसीव्हरला. लांब पळणारे रिसीव्हर अशा पेनल्ट्या मिळवून देतात. तो त्यांचा खरा गुण आहे आणि तक्त्यात तो दिसत नाही.

राहिला सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणं. एनएफएलमध्ये सॅकमध्ये गमावलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून वजा होतात, क्वार्टरबॅकच्या वैयक्तिक पासिंग यार्डांतून नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये ते धावण्याच्या खात्यात जातात. त्यामुळे क्वार्टरबॅक संघाला मागे ढकलत राहतो आणि त्याचे पासिंग यार्ड तसेच गोंडस दिसत राहतात.

२. एकूण यार्डांवर भाळू नका

२०१९ मध्ये सगळ्या एनएफएलमध्ये सर्वाधिक पासिंग यार्ड कुणाचे होते? टॅम्पा बे बकनीअर्सच्या जेमिस विन्स्टनचे: ५,१०९. टचडाउन ३३. एवढं वाचून कुणीही त्याला सर्वोत्तमांच्या रांगेत बसवेल. पण त्याने ३० इंटरसेप्शनही फेकली. एकाच हंगामात ३० टचडाउन आणि ३० इंटरसेप्शन करणारा तो पहिला क्वार्टरबॅक. संघ ७ जिंकला, ९ हरला.

एकूण यार्ड हे बरंचसं किती वेळा फेकलं याचं मोजमाप असतं. विन्स्टनने ६२६ वेळा फेकलं. पिछाडीवरचा संघ जास्त फेकतो, आणि आघाडीवरचा संघ त्याला मधले छोटे यार्ड खुशाल घेऊ देतो, कारण घड्याळ आघाडीवाल्याच्या बाजूने असतं. म्हणून पहिलं काम भागाकाराचं. यार्ड भागिले पास. अलीकडच्या वर्षांत लीगची सरासरी सातच्या आसपास असते. विन्स्टनचे ८.१६ येतात, म्हणजे इथेही तो उत्तमच. त्याचं नुकसान कुठे झालं हे कळायला पुढच्या पायरीवर जावं लागेल.

३. पासर रेटिंग हाताने एकदा तरी काढा

टीव्हीवर सारखं दिसणारं ‘पासर रेटिंग’ एनएफएलने १९७३ मध्ये स्वीकारलं. पुष्कळ लोक ते वर्षानुवर्षं उच्चारतात, पण आत काय आहे ते बघत नाहीत. विन्स्टनच्याच आकड्यांवर करू: ६२६ पैकी ३८० पास पूर्ण, ५,१०९ यार्ड, ३३ टचडाउन, ३० इंटरसेप्शन.

पूर्ण पासांचं प्रमाण ०.६०७. त्यातून ०.३ वजा करा, ५ ने गुणा: १.५३५.
दर पासामागे यार्ड ८.१६. त्यातून ३ वजा करा, ०.२५ ने गुणा: १.२९.
टचडाउनचं प्रमाण ०.०५२७. त्याला २० ने गुणा: १.०५४.
इंटरसेप्शनचं प्रमाण ०.०४७९. त्याला २५ ने गुणा आणि उत्तर २.३७५ मधून वजा करा: १.१७७.

बेरीज ५.०५६. तिला ६ ने भागून १०० ने गुणलं की ८४.३. प्रत्येक घटक शून्याच्या खाली जात नाही आणि २.३७५ च्या वर जात नाही, म्हणून कमाल रेटिंग १५८.३ असं विचित्र येतं.

आता या सूत्राच्या पोटात काय दडलंय ते बघा. गुणक ताडून पाहिले तर एक पूर्ण पास, मग तो शून्य यार्डांचा का असेना, २० यार्डांइतका मोजला जातो. टचडाउन ८० यार्डांइतकं. इंटरसेप्शन म्हणजे १०० यार्डांचा तोटा. तिसरा डाउन आहे, दहा यार्ड हवेत, क्वार्टरबॅकने तीन यार्डांचा सोपा पास दिला, संघाला पंट करावा लागला, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे देऊन टाकावा लागला. संघाचं नुकसान झालं, पण सरासरी क्वार्टरबॅकचं रेटिंग या पासाने वर चढतं. सॅक यात नाही, फंबल (हातातून चेंडू निसटणं) नाही, पायाने काढलेले यार्ड नाहीत. म्हणून मी रेटिंग बघतो, पण त्यावर निकाल देत नाही.

४. त्यापेक्षा बरा आकडा: ए.एन.वाय./ए.

नाव बोजड आहे (अ‍ॅडजस्टेड नेट यार्ड्स पर अटेम्प्ट), हिशेब सोपा. पासिंग यार्ड घ्या. दर टचडाउनला २० यार्ड मिळवा, दर इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करा. आलेल्या संख्येला पास अधिक सॅक यांच्या बेरजेने भागा. प्रो-फुटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक क्वार्टरबॅकच्या पानावर हा रकाना तयार मिळतो. अलीकडच्या हंगामांत ६ च्या आसपास म्हणजे मधला, ७ च्या वर म्हणजे फार चांगला, ८ च्या वर म्हणजे एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, चर्चेतला.

विन्स्टन, २०१९: ४७ सॅक, २८२ यार्ड गमावले. ५,१०९ + ६६० − १,३५० − २८२ = ४,१३७. भागिले ६७३. उत्तर ६.१५. यार्डांत लीगमध्ये पहिला असलेला माणूस इथे मधल्या घोळक्यात येऊन बसतो.

आणि टॅम्पाने आपल्यासाठी पुढचा प्रयोगही करून ठेवला आहे. २०२० मध्ये विन्स्टनच्या जागी टॉम ब्रेडी आला. मुख्य प्रशिक्षक ब्रूस एरियन्स तोच, माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन हे प्रमुख रिसीव्हर तेच. ब्रेडीचं वय ४३. त्याचे ६१० पास, ४,६३३ यार्ड, ४० टचडाउन, १२ इंटरसेप्शन, २१ सॅकमध्ये १४३ यार्ड गमावलेले. करून बघा: ७.५३. यार्ड जवळपास पाचशेने घटले आणि संघ ११ सामने जिंकून पुढे सुपर बोलही जिंकला.

पण इथे थांबून प्रामाणिकपणे विचारायला हवं: बदललं ते फक्त क्वार्टरबॅकचं नाव का? नाही. पास झेलणारा रॉब ग्रोन्कोव्स्की आला, हंगामाच्या मध्यात रिसीव्हर अँटोनियो ब्राउन आला, लाइनमधल्या उजव्या टॅकलच्या जागी ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडलेला ट्रिस्टन विर्फ्स आला. गॉडविन दुखापतीमुळे काही सामने बाहेर होता, म्हणजे एक गोष्ट उलट बाजूनेही बदलली. तरीसुद्धा ३० वरून १२ वर आलेली इंटरसेप्शन नव्या सोबत्यांच्या खात्यात ढकलता येत नाहीत. तिथे वाटा क्वार्टरबॅकचाच मोठा, असं माझं मत आहे.

५. काळ बघितल्याशिवाय जुन्याची नव्याशी तुलना नको

न्यूयॉर्क जेट्सचा जो नेमथ १९६७ मध्ये एका हंगामात ४,००० यार्ड ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक ठरला: १४ सामन्यांत ४,००७ यार्ड, ४९१ पास, २६ टचडाउन, २८ इंटरसेप्शन. दर पासामागे यार्ड काढा: ८.१६. विन्स्टनचाही आकडा तोच होता. इंटरसेप्शनचं प्रमाण नेमथचं ५.७ टक्के, विन्स्टनचं ४.८. म्हणजे कागदावर विन्स्टन सरस. पण १९६० च्या दशकात शंभर पासांमागे पाच-सहा इंटरसेप्शन ही रोजची गोष्ट होती, २०१९ मध्ये लीगची सरासरी दोनच्या थोडी वर होती. नेमथ आपल्या काळातल्या इतरांसारखाच चुकत होता, विन्स्टन इतरांच्या दुप्पट.

मधल्या काळात नियम बदलले. १९७८ पासून बचावपटूला पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली, आणि ऑफेन्सिव्ह लाइनला हात पसरून अडवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी हंगाम १४ सामन्यांवरून १६ चा झाला, २०२१ पासून १७ चा आहे. पासर रेटिंगचं सूत्र जुन्या काळाच्या सरासरीवर बेतलेलं होतं, ज्यात मध्यम क्वार्टरबॅकला ६६.७ मिळावेत. आज मध्यम क्वार्टरबॅक नव्वदच्या आसपास असतो. म्हणून १९८४ मध्ये डॅन मरिनोने काढलेले ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन आजच्या तशाच आकड्यांपेक्षा कितीतरी वजनदार. त्याचा ए.एन.वाय./ए. ८.९४ येतो, तोही बचावाला अनुकूल दिवसांत. दोन काळांची तुलना करायची तर प्रत्येकाला त्याच्या त्याच्या हंगामाच्या सरासरीशेजारी ठेवा, एकमेकांशेजारी नको.

६. आता रिसीव्हर: भाजक टार्गेट धरा

रिसीव्हरच्या तक्त्यात झेल, यार्ड, टचडाउन ठळक असतात. त्यांच्याआधी टार्गेट शोधा, म्हणजे त्याच्या दिशेने किती पास फेकले गेले. मग यार्ड भागिले टार्गेट.

नवखे लोक बहुतेक ‘कॅच रेट’कडे, म्हणजे टार्गेटपैकी किती झेलले याकडे जातात. २०१९ चे दोन रिसीव्हर घ्या. न्यू ऑर्लिन्सचा मायकल थॉमस: १८५ टार्गेट, १४९ झेल (हा विक्रम होता), १,७२५ यार्ड. टॅम्पाचा माइक इव्हान्स: ११८ टार्गेट, ६७ झेल, १,१५७ यार्ड. थॉमसचा कॅच रेट ८० टक्क्यांवर, इव्हान्सचा ५७. इव्हान्सचे हात कच्चे असा निकाल द्यायचा का? दर टार्गेटमागे यार्ड काढा: थॉमस ९.३, इव्हान्स ९.८. थॉमसकडे आखूड आणि मध्यम अंतराचे नेमके पास येत होते, इव्हान्सकडे लांबचे. लांबचे पास जगात कुणाचेही कमीच पूर्ण होतात. कॅच रेट हा फेकीच्या लांबीवर आणि नेमकेपणावर इतका टेकलेला आहे की त्याच्यावरून हातांची पारख होत नाही. त्यासाठी ‘ड्रॉप’ मोजतात, पण सुटलेला झेल कशाला म्हणायचं हे मोजणाऱ्याच्या नजरेवर असतं, आणि वेगवेगळ्या संस्थांचे आकडे जुळत नाहीत.

दर टार्गेटमागचे यार्ड हाही शेवटचा शब्द नाही, कारण टार्गेट मिळवणं हेच मुळात कौशल्य आहे. बचावपटूला चुकवून मोकळा होतो त्याच्याकडे पास येतो. जो मोकळा होत नाही त्याच्याकडे फेकलंच जात नाही आणि त्याच्या सरासरीला धक्काही लागत नाही. यावर उपाय म्हणून ‘यार्ड्स पर रूट रन’ मोजतात: पासाच्या खेळीत तो जितक्या वेळा धावला, त्या प्रत्येक धावेमागे किती यार्ड. २ च्या वर गेला की रिसीव्हर पहिल्या रांगेतला समजायला हरकत नाही. रिसीव्हरसाठी एकच आकडा बघायची परवानगी असेल तर मी हा बघेन.

संघ किती फेकतो तेही बघा. २०१९ मध्ये टेनेसी टायटन्स डेरिक हेन्रीला चेंडू देऊन धावणारा संघ होता. तिथल्या नवख्या ए. जे. ब्राउनला फक्त ८४ टार्गेट मिळाले, आणि त्यातून त्याने १,०५१ यार्ड काढले, म्हणजे दर टार्गेटमागे साडेबारा. यादीत तो पुष्कळ खाली दिसत होता. एकूण यार्डांची क्रमवारी बघून त्याला मागे टाकणारे पुढच्या वर्षांत चुकीचे ठरले.

टचडाउनबद्दल सावध राहा. डेट्रॉइटच्या कॅल्व्हिन जॉन्सनचे लागोपाठचे तीन हंगाम: २०११ मध्ये १,६८१ यार्ड, १६ टचडाउन. २०१२ मध्ये १,९६४ यार्ड (हा विक्रम झाला), टचडाउन फक्त ५. २०१३ मध्ये १,४९२ यार्ड, १२ टचडाउन. माणूस तोच, क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड तोच. २०१२ मध्ये तो गोललाइनच्या उंबरठ्यावर पुन्हा पुन्हा अडवला गेला आणि शेवटचा यार्ड दुसऱ्यांनी काढला. फँटसी लीगमध्ये टचडाउनला भरघोस गुण असतात, म्हणून लोक पुढच्या वर्षीचा अंदाज टचडाउनवरून बांधतात. यार्ड आणि टार्गेट त्याहून भरवशाचे.

७. एक बदला, दुसरा तसाच ठेवा

आता मुख्य पायरी. रिसीव्हर रँडी मॉस २००६ मध्ये ओकलंडला होता: ४२ झेल, ५५३ यार्ड, ३ टचडाउन. तो संपला असं बोललं जात होतं, आणि ब्रेडीच्या तेव्हाच्या संघाने, न्यू इंग्लंडने, त्याला ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात घेतलं. २००७ मध्ये ब्रेडीबरोबर ९८ झेल, १,४९३ यार्ड, २३ टचडाउन. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि शाळेनंतर एकाही सामन्यात पहिल्यापासून न उतरलेला मॅट कॅसेल क्वार्टरबॅक झाला. मॉस: ६९ झेल, १,००८ यार्ड, ११ टचडाउन.

दुसऱ्या बाजूने बघा. ब्रेडी २००६ मध्ये मॉसशिवाय: ३,५२९ यार्ड, २४ टचडाउन, १२ इंटरसेप्शन. २००७ मध्ये मॉसबरोबर: ४,८०६, ५० आणि ८. त्याच वर्षी रिसीव्हर वेस वेल्करही आला आणि ११२ झेल घेऊन गेला.

या दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की दिसतं ते असं. मॉस कॅसेलबरोबरही हजार यार्ड आणि ११ टचडाउन काढतो, म्हणजे तो कधीच संपला नव्हता. ओकलंडचे आकडे ओकलंडबद्दल जास्त सांगत होते. ब्रेडीला मॉस-वेल्करमुळे फार मोठी उसळी मिळाली हेही खरं. आणि सगळं साहित्य तेच ठेवून कॅसेल आला तेव्हा ए.एन.वाय./ए. ८.९ वरून सुमारे ६ वर घसरला, हेही तितकंच खरं. सॅक बघा: २००७ मध्ये ब्रेडीला २१, २००८ मध्ये कॅसेलला ४७, समोर उभी असलेली लाइन जवळपास तीच. सॅक म्हणजे लाइनचं पाप असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी. चेंडू किती पटकन सुटतो हे क्वार्टरबॅकच्या डोक्यावर आणि हातावर अवलंबून असतं. अर्थात दुसरं टोकही आहे. २००२ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सच्या पोरसवदा डेव्हिड कारला ७६ वेळा पाडलं गेलं. तशा लाइनमागे कुणाचीही डाळ शिजली नसती.

८. नमुना लहान असेल तर गप्प बसा

एका सामन्यावरून काहीही ठरत नाही. चार सामन्यांवरून फारसं नाही. क्वार्टरबॅकसाठी एक पूर्ण हंगाम, म्हणजे पाचशेच्या आसपास पास, ही किमान मर्यादा धरा, आणि इंटरसेप्शनच्या बाबतीत दोन हंगाम बघा. रिसीव्हरला वर्षाला शंभर-दीडशे टार्गेट मिळतात, त्यामुळे त्याचा एक हंगाम आणखी डळमळीत. वारा, बर्फ, छत असलेलं स्टेडियम, दुखापत, बदललेला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक), हे सगळं नावाशेजारी टिपून ठेवा.

नव्या पद्धतीचे आकडे वाचायला हरकत नाही. खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप असतात, त्यावरून रिसीव्हरपासून बचावपटू किती अंतरावर होता वगैरे मोजून तो पास पूर्ण व्हायची शक्यता काढतात, आणि क्वार्टरबॅकने त्यापेक्षा किती जास्त पूर्ण केले ते सांगतात. ईपीए नावाचा आकडा प्रत्येक खेळीने संघाचे अपेक्षित गुण किती वाढले वा घटले ते मोजतो, त्यामुळे तिसऱ्या डाउनचा तो तीन यार्डांचा पास तिथे बरोबर तोट्यात जातो. पण ईपीएही अकरा जणांच्या कामाची गोळाबेरीज असते आणि क्वार्टरबॅकच्या नावाखाली छापली जाते.

९. स्वतः करून बघायला दोन जोड्या

२०२२ च्या हंगामाआधी दोन मोठे रिसीव्हर संघ सोडून गेले. टायरीक हिल कॅन्सस सिटीहून मायामीला, डावांटे अ‍ॅडम्स ग्रीन बेहून लास व्हेगासला. कागद घ्या आणि रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक, दोघांसाठी आधीचं वर्ष, नंतरचं वर्ष असे चार रकाने आखा.

हिल: २०२१ मध्ये १५९ टार्गेट, १,२३९ यार्ड. २०२२ मध्ये १७० टार्गेट, १,७१० यार्ड. दर टार्गेटमागे ७.८ वरून १०.१. मागे राहिलेल्या क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा ए.एन.वाय./ए. ७.१ वरून ७.९. तो त्या वर्षी एमव्हीपी झाला आणि सुपर बोलही जिंकला.

अ‍ॅडम्स: २०२१ मध्ये १६९ टार्गेट, १,५५३ यार्ड. २०२२ मध्ये डेरेक कारबरोबर १८० टार्गेट, १,५१६ यार्ड. ९.२ वरून ८.४. मागे राहिलेला एरन रॉजर्स ८ वरून सुमारे ६ वर.

पहिली जोडी सुटली आणि दोघंही वर गेले. दुसरी सुटली तेव्हा रिसीव्हर थोडा उतरला, क्वार्टरबॅक बराच. यावरून ‘रॉजर्स अ‍ॅडम्सच्या जिवावर खेळत होता’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. त्याआधी शेजारी एक नोंद करा: ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या सामन्यात रॉजर्सच्या फेकत्या हाताचा अंगठा मोडला, आणि उरलेला हंगाम तो तसाच खेळला. त्याच्या घसरणीत अंगठ्याचा वाटा किती आणि अ‍ॅडम्सच्या जाण्याचा किती, हे बघायला त्या सामन्याआधीचे आणि नंतरचे पास वेगळे काढा. आधीच्या सामन्यांचा नमुना लहान आहे, तेव्हा निकाल पेन्सिलीने लिहा.